घर आणि परड्यातील सुधारणा व घरपट्टी : बेळगाव परिसरातील घरमालकांसाठी मार्गदर्शक

घरावर एक खोली चढवली, सोप्यापुढे पत्रे घातले, परड्यात सामानासाठी शेड उभी केली किंवा नुसती बाग नव्याने लावली, की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो घरपट्टीचा. त्यावर गल्लीत मिळणारे सल्ले दोन टोकांचे असतात. रंग दिला तरी घरपट्टी वाढते, तेव्हा कोणाला काही कळवू नका, असे एकजण सांगतो. एकदा पट्टीची पावती फाटली की बांधकाम पक्के झाले, तेव्हा आधी पट्टी लावून घ्या, असे दुसरा सांगतो. दोन्ही सल्ले अंगाशी येणारे आहेत. आमच्या जुन्या कौलारू घराचा पुढचा भाग उतरवून स्लॅब घातला, वर खोली घेतली आणि परड्याची बाग नीट मांडली, त्या वेळी ही सारी प्रक्रिया मी स्वतः पार पाडली. कोणते काम कराच्या हिशेबात येते, कोणते येत नाही आणि जे येते त्याची नोंद कोणत्या क्रमाने करावी, हे प्रथमच या वाटेला जाणाऱ्यांसाठी येथे मांडले आहे.

1. मालमत्ता कोणाच्या हद्दीत आहे ते आधी निश्चित करा

बेळगाव शहराच्या 58 प्रभागांपैकी एखाद्यात घर असेल, तर कर महानगरपालिकेचा असतो आणि त्याला कर्नाटक महानगरपालिका अधिनियम 1976 लागू होतो. निपाणी, गोकाक, खानापूर, मच्छे, पिरनवाडी अशा नगरपालिका व नगरपंचायतींच्या गावांत कर्नाटक नगरपालिका अधिनियम 1964 चालतो. हिंडलगा, येळ्ळूर, उचगाव यांसारख्या ग्रामपंचायतींच्या गावांत 1993 चा ग्रामस्वराज व पंचायतराज अधिनियम लागू असून तेथील अधिकारी म्हणजे पीडीओ, अर्थात पंचायत विकास अधिकारी. कॅम्पातील छावणी मंडळाच्या यादीवरील मालमत्तांचा कारभार केंद्राच्या छावणी अधिनियम 2006 प्रमाणे चालतो. त्यांना पुढील मजकूर लागू पडत नाही.

पोस्टाच्या पत्त्यावरून हद्द ठरवू नका. शहराच्या कडेच्या वसाहतींत पत्ता बेळगावचा आणि नोंद ग्रामपंचायतीची, असा प्रकार सर्रास आढळतो. सर्वांत खात्रीचा पुरावा म्हणजे आधीच्या मालकाची शेवटची करपावती. ती ज्या कार्यालयाने दिली, तेच तुमचे कार्यालय.

महाराष्ट्रातून, विशेषतः चंदगड-कोल्हापूर भागातून येथे स्थायिक झालेल्यांचा गोंधळ वेगळा असतो. तिकडे ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि शेतीचा सातबारा हे कागद सवयीचे असतात. इकडे ग्रामपंचायतीच्या मालमत्तेसाठी ई-स्वत्तू प्रणालीतून निघणारे नमुना 9 व नमुना 11 लागतात, शेतजमिनीसाठी आरटीसी, तर शहरात खाते उतारा, म्हणजे पालिकेच्या करनोंदीची प्रत, आणि त्यावरील पीआयडी, म्हणजे मालमत्तेचा ओळख क्रमांक. गावठाणातील जुन्या घरांना याखेरीज सीटीएस उतारा असतो. तो भूमापन खात्याचा कागद आहे आणि कर खात्याच्या नोंदीशी तो आपोआप जुळत नाही.

2. कर कोणत्या गोष्टींवर ठरतो ते समजून घ्या

कर्नाटकातील शहरी संस्थांत घरपट्टी भाड्याच्या अंदाजावर बसत नाही, ती भांडवली मूल्यावर बसते. या मूल्याचे दोन भाग असतात. पहिला भाग जागेचा. त्यासाठी नोंदणी व मुद्रांक खात्याने त्या रस्त्यासाठी किंवा वसाहतीसाठी जाहीर केलेला मार्गदर्शक दर आधारास घेतला जातो आणि तो कावेरी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. दुसरा भाग इमारतीचा. त्यात बांधलेले क्षेत्रफळ, बांधकामाचा वर्ग, म्हणजे स्लॅब, मंगलोरी कौले की पत्रे, आणि बांधकामाचे वय पाहिले जाते. वयानुसार घसारा वजा होतो. यावर वापर कोणता, राहण्याचा की व्यापारी, त्याप्रमाणे कराची टक्केवारी लागते.

क्षेत्रफळ, वर्ग, वय आणि वापर या चार रकान्यांपैकी एकही ज्या कामामुळे बदलत नाही, त्या कामामुळे घरपट्टी वाढत नाही. बागेवर लाख रुपये खर्च झाले तरी या चार रकान्यांत त्याला जागा नाही. उलट दहा हजारांत उभी राहिलेली पत्र्याची बंदिस्त खोली त्यात बसते. मार्गदर्शक दर वाढल्यामुळे होणारी वाढ निराळी असून ती काहीही न बांधता सर्वांनाच सोसावी लागते. अनेकजण ही वाढ आपल्या रंगकामाच्या नावावर टाकतात आणि त्यातूनच ‘रंग दिला तरी पट्टी वाढते’ ही समजूत पसरली असावी.

मूळ करावर उपकर लागतात: आरोग्य उपकर 15 टक्के, ग्रंथालय उपकर 6 टक्के आणि भिक्षा प्रतिबंधक उपकर 3 टक्के. घनकचऱ्याचे शुल्क यांशिवाय वेगळे असते. त्यामुळे मूळ कर 4,000 रुपये असेल तर या तीन उपकरांचे 960 रुपये मिळून 4,960 होतात. वाढीव खोलीचा हिशेब करताना नुसत्या कराचा आकडा धरून बसू नये.

3. आपले काम कोणत्या प्रकारात मोडते ते ठरवा

रंग, गिलावा, गळकी कौले बदलणे, नळ आणि विजेचे काम, स्वयंपाकाचा ओटा नव्याने बांधणे ही दुरुस्तीची कामे आहेत. परड्यातली माती बदलणे, आंबा-नारळ लावणे, हिरवळ, कुंड्यांची मांडणी, ठिबक, फरशीची पायवाट, बोअर, पाण्याची टाकी, कंपोस्टचा खड्डा आणि पावसाचे पाणी जिरवण्याची सोय यांनी इमारतीचे क्षेत्रफळ वाढत नाही. छतावरील सौर तापक किंवा सौर पटलेही त्यात येत नाहीत. यांपैकी कशासाठीही कर खात्याकडे जाण्याचे कारण नाही. मात्र खोली वाढवण्यासाठी उभे झाड तोडायचे असेल, तर वृक्षाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यासाठी कर्नाटकात 1976 चा स्वतंत्र कायदा आहे आणि झाड आपल्याच परड्यातले असले तरी तो लागू होतो.

आता कर वाढवणारी कामे. नवी खोली, नवा मजला, स्लॅबचे न्हाणीघर, बंदिस्त केलेली गॅलरी, परड्यातले भाड्याने देण्याजोगे छोटे घर, ही उघडच आहेत. कमी लक्षात येणारा प्रकार म्हणजे क्षेत्रफळ तेवढेच ठेवून वर्ग बदलणे. शहापूर, वडगाव, अनगोळ भागातील जुन्या घरांवरची कौले उतरवून त्याच भिंतींवर स्लॅब टाकला, तर एक चौरस फूटही वाढत नाही, तरीही बांधकामाचा वर्ग वरचा होतो आणि कर बदलतो.

पत्र्यांचा प्रश्न बेळगावात विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथील पावसात पुढच्या दाराला आणि स्लॅबला पत्रे घातल्याशिवाय बहुतेक घरांचे भागत नाही. भिंतीपासून पुढे आलेली, खांबाविना टेकवलेली पावसाळी झडप हा भाग सहसा वादाचा ठरत नाही. खांब रोवून तीन बाजू उघड्या ठेवलेला, गाडी लावण्यापुरता पत्रा हा मधला प्रकार आहे. मोजणीस येणारी व्यक्ती तो बांधकामात धरू शकते, आणि धरला तर तो पत्र्याच्या वर्गातच धरला जावा, स्लॅबच्या वर्गात नाही, एवढे पाहणे तुमच्या हातात असते. गच्चीवर गळतीसाठी घातलेल्या पत्र्यांखाली चारही बाजूंनी विटा किंवा पत्रे लावून दार बसवले, की ती खोली झाली. माझ्या मते गच्चीवरचे पत्रे ज्यांना केवळ गळतीसाठी हवे आहेत, त्यांनी बाजू उघड्याच ठेवाव्यात आणि तशी छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत.

वापर बदलल्यामुळे होणारी वाढ सर्वांत जड असते. तळमजल्याच्या पार्किंगला शटर बसवून दुकान काढले, पुढच्या खोलीत दवाखाना किंवा शिकवणी सुरू केली, परड्यात यंत्रमागाची शेड उभी केली, घरच्या बागेतून रोपे विकण्याचा फलक लावला, अशा वेळी तेवढ्या भागाचा वापर राहण्याचा उरत नाही. येथे सापळा असा की, नोंद करताना तेवढाच भाग वेगळा दाखवला नाही, तर सबंध मजला व्यापारी धरला जाण्याची शक्यता असते. म्हणून दुकानाचे क्षेत्रफळ आणि घराचे क्षेत्रफळ दोन ओळींत स्वतंत्र लिहावे. गच्चीवर मोबाईल मनोरा किंवा जाहिरात फलक घेणाऱ्यांना त्याचे वेगळे शुल्क लागते आणि ते घराच्या हिशेबात मिसळू नये.

मोठे परडे असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. इमारतीला लागून असलेली मोकळी जागा ठरावीक प्रमाणापर्यंत इमारतीबरोबरच धरली जाते; घर लहान आणि आवार फार मोठे असेल, तर जास्तीच्या जागेवर रिकाम्या भूखंडाप्रमाणे आकारणी होऊ शकते. जुन्या वाड्याचा पडका भाग काढून टाकून तेथे बाग करणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे, कारण अशा वेळी बांधकाम घटल्याने इमारतीचा कर कमी होतो आणि मोकळ्या जागेचा वाढतो. पाडलेल्या भागाची नोंद कमी करून घेणे हे मात्र तुमचेच काम आहे. पाडकामाची वार्ता कार्यालयाला आपण होऊन कळत नाही, आणि नसलेल्या खोलीची घरपट्टी वर्षानुवर्षे भरणारी घरे प्रत्येक गल्लीत सापडतात.

4. काम सुरू होण्यापूर्वी जुन्या नोंदीची प्रत आणि परवाना घ्या

गवंडी लावण्यापूर्वी चालू नोंदीचा उतारा काढा आणि त्यातले क्षेत्रफळ, मजले, वापर व मालकाचे नाव पडताळून पाहा. आजोबांच्या नावावर खाते, वडिलांच्या नावावर वीजबिल आणि मुलाच्या नावावर बांधकामाचा अर्ज, अशी स्थिती असेल तर आधी वारसा किंवा खरेदीखतानुसार खाते बदल करून घ्यावा लागतो. वाढीव बांधकामाचा अर्ज आणि खाते बदल एकाच वेळी पुढे रेटण्याचा प्रयत्न केला, तर बहुधा दोन्ही अडकतात.

बांधकाम परवाना ही घरपट्टीहून पूर्णपणे वेगळी बाब आहे. नवी खोली, नवा मजला, भिंतींची जागा बदलणे किंवा छताचा प्रकार बदलणे यांसाठी नोंदणीकृत अभियंता किंवा वास्तुविशारदामार्फत नकाशासह अर्ज करावा लागतो. किरकोळ दुरुस्तीला तो लागत नाही. रस्त्यापासून आणि शेजाऱ्यापासून किती जागा सोडायची हे परवान्याच्या नकाशातच ठरते. परड्याच्या कुंपणाला चिकटून उभारलेली शेड कर भरूनही नियमात बसत नाही. बांधकामाचा खर्च मोठा असेल, तर बांधकाम कामगार कल्याणाचा उपकर लागतो का, तेही विचारून हिशेबात धरावे.

करपावतीमुळे बांधकाम अधिकृत ठरत नाही, हे येथे स्पष्ट सांगणे भाग आहे. विनापरवाना बांधकामावरही कर घेतला जातो, आणि तो घेतल्यामुळे कारवाईचा अधिकार संपत नाही. शेतजमिनीत बिनशेती न करता पाडलेल्या, बॉण्ड पेपरवर विकल्या गेलेल्या भूखंडांवर शहराभोवती हजारो घरे उभी आहेत. अशा मालमत्तांना करापुरत्या नोंदीसाठी ब खाते देण्याची मोहीम राज्याने 2025 मध्ये हाती घेतली. ब खात्यामुळे मालमत्ता यादीवर येते, कर भरता येतो. परंतु भूखंड नियमित होत नाही आणि त्यावर वाढीव मजल्याचा परवाना मिळेल असे गृहीत धरता येत नाही. ग्रामपंचायत हद्दीत नमुना 11-ब बाबत हीच काळजी घ्यावी. घर विकत घेण्यापूर्वी आपण अ खात्याचे, म्हणजे नियमित मालमत्तेचे, पैसे मोजून ब खात्याचे घर तर घेत नाही ना, एवढे उताऱ्यावर डोळ्यांनी पाहावे. दलालाच्या शब्दावर राहू नये.

5. मोजमाप स्वतः करा, आणि तेही बाहेरून

घरपट्टीसाठी लागते ते भिंतींच्या बाहेरच्या कडांपासून मोजलेले क्षेत्रफळ. कंत्राटदार किंवा बिल्डर जो आकडा सांगतात तो कधी आतला असतो, कधी जिना आणि गॅलरी धरून फुगवलेला. बाहेरून 12 फूट रुंद आणि 15 फूट लांब खोलीचे क्षेत्रफळ 180 चौरस फूट भरते; भिंती नऊ इंची असल्यास आतली जागा साडेदहा बाय साडेतेरा, म्हणजे सुमारे 142 चौरस फूटच उरते. जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या जुन्या रुंद भिंती असतील तर हा फरक आणखी वाढतो. आतले माप लिहिले तर पडताळणीत तफावत निघते आणि माहिती दडवल्याचा ठपका विनाकारण येतो.

मोजायला पन्नास फुटी टेप, कोऱ्या कागदावर काढलेला घराचा आराखडा आणि सोबत एक माणूस पुरेसा आहे. प्रत्येक मजला वेगळा काढा. कोन सरळ नसलेल्या जुन्या घरांत समोरची आणि मागची रुंदी वेगळी येते. दोन्ही लिहून सरासरी घ्या आणि तसे आराखड्यावर नोंदवा. पत्र्याच्या छपराखाली टेप कोठून कोठवर धरायचा, हे पडताळणीच्या वेळी नीट पाहावे. आमच्याकडे टेप आधी पत्र्याच्या पन्हळीच्या टोकापर्यंत, म्हणजे जेथून पाणी अंगणात पडते तेथपर्यंत ताणला गेला होता. खांब त्याच्या दोन फूट आत होते. सतरा फूट लांबीच्या छपरावर त्या दोन फुटांमुळे चौतीस चौरस फूट फुकटचे वाढत होते. माप खांबाच्या बाहेरच्या कडेपर्यंत घ्यावे, असे तेथेच नम्रपणे सांगितले आणि वहीतला आकडा शाई वाळण्याआधी बदलला गेला. मोजणीच्या वेळी घरातील जाणते माणूस हजर असावे, ते याचसाठी.

अर्जात एकक चौरस फूट आहे की चौरस मीटर, ते दोनदा पाहा. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. 180 चौरस फुटांची खोली मीटरच्या रकान्यात 16.72 अशी जायला हवी. तेथे 180 लिहिले गेले, तर कागदावर तुमच्या परड्यात मंगल कार्यालय उभे राहते. गुंठ्यातील जागा लिहिताना 1 गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट धरावेत.

6. कागदपत्रे गोळा करून नोंदीचा अर्ज द्या

काम पुरे झाल्यावर, आणि शक्यतो तेच आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी, वाढीव बांधकामाची नोंद करण्यासाठी पुढील कागद एकत्र ठेवावेत:

- मालकाचे ओळखपत्र आणि आधार
- खरेदीखत किंवा वारसा नोंदीची प्रत, व जागेनुसार सीटीएस उतारा अथवा बिनशेतीचा आदेश
- बोजा दाखला, ज्याला सर्वजण ईसी म्हणतात. तो कावेरीवरून मिळतो
- चालू खाते उतारा किंवा नमुना 9 व 11
- मागील वर्षापर्यंतच्या करपावत्या
- बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि मिळाला असल्यास पूर्णत्वाचा दाखला
- हेस्कॉमचे अलीकडचे वीजबिल
- घराची समोरून आणि वाढीव भागाची छायाचित्रे
- स्वतः काढलेला मापांचा आराखडा

मागची थकबाकी शिल्लक असेल तर ती आधी भरा. थकबाकी दिसत असलेला अर्ज पुढे सरकत नाही. माजी सैनिकांच्या स्वतःच्या राहत्या घरासाठी करात सवलतीची तरतूद आहे. मराठा लाईट इन्फंट्रीच्या या गावात तिचे हक्कदार पुष्कळ आहेत, परंतु सैनिक कल्याण खात्याचे आवश्यक कागद जोडून ती मागावी लागते.

अर्ज आणि चलन कन्नडमध्ये असतात. वाचता न येणाऱ्याने पाच-सहा शब्द ओळखायला शिकले तरी काम भागते: आस्ती तेरिगे म्हणजे मालमत्ता कर, कट्टड म्हणजे इमारत, खाली निवेशन म्हणजे रिकामा भूखंड, नेल महडी म्हणजे तळमजला आणि मोदलने महडी म्हणजे पहिला मजला. विस्तीर्ण हा क्षेत्रफळाचा रकाना आहे, वसती व वाणिज्य हे वापराचे. दंड आणि बाकी हे शब्द ऐकून कोणालाही कळतील. दुसऱ्याकडून अर्ज भरून घेतला, तरी सही करण्यापूर्वी या रकान्यांतले आकडे आपल्या आराखड्याशी बोट ठेवून ताडून पाहावेत, कारण स्वयंमूल्यांकनाच्या पद्धतीत खाली सही करणारा मालक सर्व माहितीस जबाबदार असतो.

अर्जातला सर्वांत महागडा सापळा बांधकामाच्या वर्षाचा आहे. जुन्या घराला नवी खोली जोडली, की कधी कधी संपूर्ण इमारतीपुढे चालू वर्ष लिहिले जाते. तसे झाले तर चाळीस वर्षांच्या भिंतींना मिळणारा घसारा एका फटक्यात जातो आणि जुना तळमजला नव्या घराच्या दराने आकारला जातो. म्हणून तळमजल्याचे मूळ वर्ष एका ओळीत आणि वाढीव भागाचे वर्ष दुसऱ्या ओळीत लिहावे. जुने वर्ष सिद्ध करायला पूर्वीच्या करपावत्या किंवा विजेच्या जोडणीची तारीख उपयोगी पडते; आजीच्या ट्रंकेतल्या पिवळ्या पावत्या या कामी कोणत्याही नव्या दाखल्यापेक्षा मोलाच्या ठरतात.

अर्ज दिल्यावर पोच घ्या. तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असावा. पोच नसलेला अर्ज दिला नाही असेच समजले जाते.

7. वेळेत भरणा करा

आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. शहरी संस्थांत एप्रिल महिन्यात संपूर्ण वर्षाचा कर भरल्यास 5 टक्के सूट मिळते, मे आणि जूनमध्ये सूट नसते आणि दंडही नसतो, जुलैपासून महिन्याला 2 टक्के दंड चढू लागतो. एप्रिलमधील सवलतीची मुदत शासन काही वर्षी वाढवते, पण त्या भरवशावर थांबू नये. 4,000 रुपयांच्या करावर एप्रिलमध्ये 200 रुपये वाचतात. तोच कर डिसेंबरमध्ये भरला तर सहा महिन्यांचा 12 टक्के, म्हणजे 480 रुपये दंड लागतो. ग्रामपंचायतींच्या मुदती व सवलती वेगळ्या असल्याने त्या पंचायतीतच विचाराव्यात.

भरणा ऑनलाईन करता येतो किंवा चलन घेऊन बँकेत अथवा बेळगाव वन केंद्रात करता येतो. वाढीव भागाची नोंद अजून व्हायची आहे म्हणून जुना कर थांबवून ठेवू नका. जुन्या नोंदीप्रमाणे आलेली रक्कम भरून टाका, फरक नंतर भरता येतो. उलट केल्यास फरकाबरोबर मूळ रकमेवरही दंड बसतो. रोख रक्कम कोणाच्या हाती देऊन ‘पावती उद्या आणून देतो’ हे ऐकून घेऊ नये.

8. आकारणी चुकीची वाटल्यास लेखी हरकत घ्या

पडताळणीनंतर कार्यालयाला तुमची माहिती अपुरी वाटली, तर वाढीव आकारणीची नोटीस येते. तीत उत्तराची मुदत दिलेली असते आणि ती मुदत पाळणे हेच हरकतीतले अर्धे काम आहे. हरकतीत ‘पट्टी फार आहे’ असे लिहून उपयोग नाही. कोणता रकाना चुकला, नोंदीतला आकडा कोणता, प्रत्यक्षातला कोणता आणि त्याचा पुरावा काय, एवढेच चार ओळींत लिहावे. क्षेत्रफळाचा वाद असेल तर फेरमोजणीची मागणी करावी, वर्गाचा वाद असेल तर छपराची छायाचित्रे जोडावीत, वयाचा असेल तर जुन्या पावत्या. सुनावणीला बोलावल्यास मूळ कागद सोबत न्या, पण हातात द्या त्या प्रती. मधल्या काळात वादात नसलेली रक्कम भरलेली असावी.

नोंद दुरुस्त झाल्याचे तोंडी कळले तरी नवा उतारा काढून घ्या, आणि पुढच्या एप्रिलमध्ये चलन हाती आले की पैसे भरण्यापूर्वी त्यावरचे क्षेत्रफळ या उताऱ्याशी जुळते का ते पाहा. विशेषतः एकाच घराला जुना आणि नवा असे दोन पीआयडी क्रमांक पडले आहेत का, हे तपासा. तसे असल्यास जुना क्रमांक रद्द करण्याचा अर्ज त्याच महिन्यात द्यावा, नाहीतर त्याच्या नावावर थकबाकी साचत राहते आणि ती बहुधा घर विकताना किंवा कर्ज काढताना समोर येते.